न्यायवैद्यकशास्त्र आणि गुन्ह्याचा तपास: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पोस्टमॉर्टेम, व्हिसेरा, डीएनए हे शब्द बातम्यांमुळे सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्यामागे नक्की काय चालतं ते फारसं कुणी समजावून सांगत नाही, आणि ज्यांच्या घरात असा अचानक मृत्यू होतो त्यांना तर त्या अवस्थेत विचारायचंही सुचत नाही. म्हणून मला सतत विचारले जाणारे प्रश्न एका जागी लिहून काढलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे अर्धवट सांगितलं की गैरसमजच वाढतात.

न्यायवैद्यकशास्त्र आणि फॉरेन्सिक लॅब एकच ना?

नाही. न्यायवैद्यक म्हणजे डॉक्टरांचं काम, माणसाचं शरीर तपासून कायद्याला लागणारी उत्तरं द्यायची. लॅबमध्ये केमिस्ट असतात, डीएनए बघणारे, बंदुका-गोळ्या तपासणारे, हस्ताक्षरवाले असे वेगवेगळे लोक असतात. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, कारण लॅबला जे सॅम्पल जातं ते आधी डॉक्टरने बरोबर जागेवरून, बरोबर पद्धतीने काढलेलं असावं लागतं. आणि हो, हे डॉक्टर फक्त मृतदेह तपासतात असंही नाही. मारहाण झालेले, अत्याचार झालेले, दारू पिऊन गाडी चालवल्याचा संशय असलेले, ज्यांचं वय ठरवायचंय असे कितीतरी जिवंत लोक त्यांच्यासमोर येतात.

मग खुनी कोण ते डॉक्टर सांगतात का?

नाही, आणि सांगूही नये. काय झालं, कशामुळे झालं, साधारण कधी झालं, ही जखम जिवंतपणी झाली की मेल्यावर, एवढं शरीर सांगतं. कुणी केलं ते शोधणं पोलिसांचं काम आणि दोषी ठरवणं कोर्टाचं. डॉक्टर ही रेघ ओलांडून पोलिसांच्या थिअरीला जुळेल असं लिहायला लागला की तिथून खरी गडबड सुरू होते. त्याचं एक उदाहरण पुढे दिलंय.

मृत्यूचं कारण आणि मृत्यूचा प्रकार यात फरक काय?

समजा एक माणूस जिन्याखाली मेलेला सापडला आणि डोक्यात रक्तस्राव झालाय. रक्तस्राव हे झालं कारण. पण तो पाय घसरून पडला, कुणी ढकललं, त्याने स्वतः उडी मारली, की आधी मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि मग तो पडला? हा झाला प्रकार, म्हणजे अपघात, खून, आत्महत्या की नैसर्गिक. पाचवा प्रकारही असतो, 'ठरवता येत नाही', आणि लोकांना वाटतं तसा तो डॉक्टरचा पळपुटेपणा नसतो. पुरावा तिथवर पोचत नसेल तर हेच प्रामाणिक उत्तर आहे. कारण बऱ्याचदा शरीरावरून कळतं, प्रकार मात्र शरीर, घटनास्थळ आणि आधीची परिस्थिती अशी तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय कळत नाही.

डॉक्टरने घटनास्थळी जायची काय गरज, बॉडी तर हॉस्पिटलला येतेच ना?

येते, पण येईपर्यंत बरंच काही हरवलेलं असतं. खोली किती गरम होती, पंखा चालू होता का, बॉडी कोणत्या स्थितीत होती, रक्त कुठवर उडालंय, गोळ्यांची पाकिटं कुठे पडलीत, हे नंतर फोटोवरून नीट कळत नाही. आणि नकळत होणारं नुकसान फार असतं. घरचे लोक चेहरा पुसतात, कपडे बदलतात, फास सोडताना गाठच सोडवतात. गाठ कधीही सोडायची नाही हो, गाठीपासून लांब कापायचं आणि कापलेली टोकं दोऱ्याने बांधून ठेवायची, गाठ कशी मारलीय हाच पुरावा असतो. अर्थात माणूस जिवंत असण्याची जराही शक्यता असेल तर आधी जीव, पुरावा नंतर.

घटनास्थळाचं महत्त्व काही आजचं नाही. चीनमध्ये सोंग त्सी नावाच्या न्यायाधिकाऱ्याने 1247 मध्ये मृतदेह कसा तपासायचा याचं एक हँडबुक लिहिलं, त्यात विळ्याने झालेल्या खुनाची हकीकत आहे. तपास करणाऱ्याने सगळ्यांना आपापले विळे जमिनीवर ठेवायला लावले, त्यातल्या एकावरच माश्या जमल्या कारण धुतला तरी रक्ताचा अंश राहिला होता, आणि त्या विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला.

मृत्यूची वेळ अगदी मिनिटावर सांगता येते का?

नाही. सिरीयलमध्ये डॉक्टर बॉडीकडे बघून 'रात्री साडेदहा ते पावणेअकरा' म्हणतो तसं खऱ्या आयुष्यात कुणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बघितलं काय जातं ते सांगते. एक, शरीराचं तापमान. मेल्यावर शरीर हळूहळू आजूबाजूच्या तापमानाला येतं, पण कपडे, अंगावरची चरबी, वारा, पाणी सगळ्याचा परिणाम होतो, आणि बाहेर 37 अंशांच्या आसपास उष्मा असेल तर शरीर गार व्हायचा प्रश्नच नाही. तापमानावरून वेळ काढायची जी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत आहे त्यात सगळं नीट मोजलं तरी उत्तर साधारण 2.8 तास मागेपुढे धरावं लागतं, म्हणजे सगळं मिळून साडेपाच तासांची खिडकी झाली. दोन, ताठरपणा, म्हणजे रायगर. पापण्या आणि जबड्यात साधारण 2 ते 4 तासांत जाणवायला लागतो, 12 तासांच्या आसपास सगळं अंग ताठ होतं, नंतर कुजायला लागलं की सुटतो. उन्हाळ्यात सगळंच लवकर होतं, थंडीत रेंगाळतं. तीन, लिव्हिडिटी, म्हणजे रक्त वजनाने खालच्या बाजूला उतरून जे जांभळट डाग पडतात ते. सुरुवातीच्या काही तासांत बॉडी हलवली तर डागही सरकतात, 8 ते 12 तासांच्या सुमाराला ते पक्के होतात.

तिसरा मुद्दा वेळेपेक्षाही एका वेगळ्या कारणासाठी मला महत्त्वाचा वाटतो. बॉडी पालथी सापडली आणि पक्के डाग मात्र पाठीवर आहेत, तर सरळ अर्थ असा की मेल्यावर ती बराच वेळ उताणी होती आणि नंतर कुणीतरी पालथी केली. मेलेला माणूस स्वतः वळत नाही. अशा एका निरीक्षणाने कुणाचातरी अख्खा जबाब कोसळू शकतो.

दिवस उलटून गेले असतील तर डोळ्यातल्या द्रवातलं पोटॅशियम आणि त्याहून पुढे माश्यांच्या अळ्या उपयोगी पडतात, अळीचं वय आणि तिथलं तापमान यावरून कमीत कमी किती दिवस झाले ते सांगता येतं. पोटातल्या अन्नावरून वेळ सांगणं मात्र फार बेभरवशाचं, कारण भीती, आजार, जखम या सगळ्याने पचन थांबतं किंवा लांबतं.

गळफास आहे की गळा आवळून मारून नंतर टांगलंय, हे खरंच कळतं का?

बहुतेक वेळा हो, पण एका खुणेवरून नाही. स्वतः घेतलेल्या फाशीत व्रण साधारणपणे मानेच्या वरच्या भागात, हनुवटीखाली असतो, तिरका गाठीकडे चढत जातो आणि गाठीजवळ तुटतो. दोरीने आवळून मारलं असेल तर व्रण बहुतेकदा खालच्या बाजूला, आडवा आणि गळ्याभोवती पूर्ण फिरलेला असतो, आतल्या स्नायूंत रक्त साकळलेलं मिळतं, डोळ्यांत आणि चेहऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके जास्त दिसतात, आणि हाताने दाबलं असेल तर नखांचे चंद्रकोरीसारखे ओरखडे आणि मानेतलं हायॉइड हाड मोडणं. पण अपवाद भरपूर आहेत. हायॉइड फाशीतही मोडू शकतं, विशेषतः वयस्कर माणसांत, आणि तरुण माणसाचा गळा दाबूनही ते शाबूत राहू शकतं. म्हणून 'हाड मोडलंय म्हणजे खूनच' असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते चुकीचं आहे. अंगावर झटापटीच्या खुणा आहेत का, दोरी वजन घेईल अशी होती का, जिथे बांधली तिथे घासल्याच्या खुणा कशा आहेत, पोटात गुंगीचं औषध आहे का, हे सगळं बघून मग मत द्यायचं. अर्धवट टेकलेल्या अवस्थेत, पाय जमिनीला लागलेले असतानाही फाशीने मृत्यू होऊ शकतो हे नातेवाइकांना सगळ्यात पटत नाही, आणि मला ते समजू शकतं, पण मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जायला खूप कमी वजन पुरतं.

पाण्यात सापडलेली बॉडी म्हणजे बुडूनच मृत्यू ना?

गरजेचं नाही. तळहात-तळपाय सुरकुतलेत म्हणजे फक्त बॉडी पाण्यात होती, एवढंच, मेलेल्या माणसाचेही सुरकुततात. नाकातोंडाला येणारा बारीक पांढरा फेस, फुगलेली जड फुफ्फुसं, मुठीत घट्ट धरलेलं शेवाळ किंवा गवत या जिवंतपणी बुडाल्याकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी. डायाटम नावाचे सूक्ष्म शैवाल हाडाच्या मगजात सापडले तर त्याचाही आधार घेतात, पण त्यावर एकट्यावर विसंबायचं नाही. बाकी सगळी कारणं बाजूला सारूनच बुडाल्याचं निदान करावं लागतं.

आणि जळालेली?

इथे एकच प्रश्न सगळ्यात मोठा: आग लागली तेव्हा श्वास चालू होता का? श्वासनलिकेत आतवर काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साईड मिळालं तर चालू होता. स्फोट किंवा एकदम भडका उडाला असेल तर जिवंत माणसातही हे कमी मिळू शकतं, हेही लक्षात ठेवायचं. मुठी वळलेल्या, हात बॉक्सरसारखे वर आलेले दिसतात त्यावरून 'शेवटपर्यंत लढली असेल' असं घरचे रडत म्हणतात, पण ती स्थिती उष्णतेने स्नायू आकसून येते, मेल्यावर जाळलं तरी येते. उष्णतेने कवटीला तडे जातात आणि आत रक्तासारखा गोळाही जमतो, तो डोक्यावर मारल्याचा समजला तर निष्पाप माणूस अडकेल.

जखम बघून हत्यार सांगता येतं का?

कोणत्या प्रकारचं ते सांगता येतं, 'हाच चाकू' असं सहसा नाही. भोसकल्याच्या जखमेचं एक टोक अणकुचीदार आणि दुसरं बोथट असेल तर एकाच बाजूला धार असलेलं पातं असू शकतं. जखमेच्या खोलीवरून पात्याची लांबी काढताना जपून, कारण पोट दाबलं जातं आणि लहान पातंही खोल जातं. डोक्याची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते म्हणून काठीने मारलं तरी ती चिरल्यासारखी फाटते आणि घाईत बघणारा 'धारदार शस्त्र' लिहून मोकळा होतो. भिंग घेऊन बघायचं, कडा खरचटलेल्या आणि आत पेशींचे धागे पूल बांधल्यासारखे शिल्लक असतील तर ते बोथट हत्यार. या एका शब्दावर नंतर कोर्टात केस फिरू शकते, म्हणून ते भिंग हातात घेण्याचा कंटाळा करू नये असं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

तळहातावर आणि कोपराखाली करंगळीच्या बाजूला जखमा असतील तर त्या वार अडवताना झालेल्या असू शकतात. मनगटावर एकमेकांना समांतर, वरवरच्या बऱ्याच चिरा असतील तर स्वतः करून घेतल्याची शक्यता जास्त. मुका मार किती दिवसांचा ते रंगावरून नेमकं सांगता येत नाही, फक्त पिवळा रंग साधारण 18 तासांच्या आत दिसत नाही एवढं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे विषप्रयोगाचा संशय आहे का?

दरवेळी नाही. बघून कारण कळलं नाही की पोट, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग आणि रक्त, लघवी काढून केमिकल तपासणीला पाठवतात. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात, फॉर्मलिनमध्ये नाही, कारण फॉर्मलिनमुळे बरीच विषं शोधणं अवघड होतं. याच कारणासाठी पोस्टमॉर्टेमआधी बॉडीला एम्बामिंग केलं, म्हणजे ती टिकावी म्हणून आत रसायनं भरली, तर विषाचा पुरावा बिघडतो. रक्त शक्यतो मांडीच्या शिरेतून घ्यायचं, कारण मेल्यावर काही औषधं अवयवांतून हृदयातल्या रक्तात झिरपतात आणि तिथला आकडा फुगलेला येतो, मग साधा डोसही ओव्हरडोस वाटतो.

आर्सेनिक या विषाला ना वास ना चव, त्यामुळे एकोणिसाव्या शतकापर्यंत ते सहसा पकडलं जायचं नाही. जेम्स मार्शने 1836 मध्ये त्याची खात्रीची टेस्ट प्रसिद्ध केली आणि 1840 मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्जवर नवऱ्याला विष दिल्याचा खटला चालला तेव्हा तिथल्या केमिस्टांचे रिझल्ट एकमेकांशी जुळेनात, शेवटी विषांचा मोठा जाणकार मातेओ ऑर्फिला याला पॅरिसहून बोलावलं आणि त्याने शरीरात आर्सेनिक दाखवून दिलं. टेस्ट तीच होती, करणारे हात वेगळे होते.

पोस्टमॉर्टेममध्ये शरीराची विटंबना होते का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. नीट केलेल्या तपासणीत शरीर उघडतात, डोकं, छाती, पोट तिन्ही बघतात, नुसती जखमेची जागा नाही, आणि मग सगळं व्यवस्थित शिवतात. अंगावर कपडे घातल्यावर आणि केस नीट केल्यावर टाके सहसा दिसत नाहीत. त्या टेबलवर कुणाचातरी बाप, कुणाचीतरी लेक आहे हे विसरून चालत नाही. बॉडी देताना कारण काय वाटतंय आणि कोणते रिपोर्ट यायचेत हे दोन शब्दांत तरी सांगायला हवं, तो घरच्यांचा हक्क आहे असं मी मानते.

लैंगिक अत्याचारानंतर तपासणीआधी आंघोळ केली तर काही उपयोग उरतो का?

उरतो. पुरावा कमी होतो पण संपत नाही, म्हणून 'आता उशीर झाला' म्हणून कुणी मागे राहू नका. साधारणपणे पहिले 72 तास सगळ्यात महत्त्वाचे, काही सॅम्पल 5 दिवसांपर्यंतही घेतात, आणि जखमांची नोंद व उपचार तर कधीही. त्यावेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमट राहून पुरावा कुजतो. आधी उपचार, गर्भधारणा आणि संसर्ग टाळायची औषधं, मग पुरावा, आणि प्रत्येक पायरीला पीडितेची संमती, मधेच नको म्हणाली तर थांबायचं.

अंगावर जखम नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, हे अत्यंत चुकीचं आहे. भीतीने माणूस गोठतो, धमकी पुरते. आणि कौमार्य चाचणी म्हणून जे काही केलं जायचं त्याला वैद्यकीय आधारच नाही, जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसोबत 2018 मध्ये ती बंद करा असं स्पष्ट सांगितलंय.

डीएनए जुळला की विषय संपला ना?

नाही. डीएनए सांगतो की हा अंश या माणसाचा असण्याची शक्यता प्रचंड आहे. तो तिथे कधी आला, कसा आला ते सांगत नाही. हस्तांदोलनातून, एकाच टॉवेलवरूनही तो दुसरीकडे जाऊ शकतो.

पण मला डीएनएची सुरुवातच सगळ्यात मोलाची वाटते. ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञांना इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये 1984 ला डीएनए फिंगरप्रिंटिंग सापडलं, आणि त्याच भागात दोन मुलींच्या खुनांच्या केसमध्ये ते वापरलं तेव्हा काय झालं, तर एका 17 वर्षांच्या मुलाने एका खुनाची कबुली दिली होती आणि डीएनएने दाखवलं की खुनी तो नव्हेच. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात डीएनएने पहिल्यांदा कुणाला पकडलं नाही, सोडवलं. मग पोलिसांनी हजारो पुरुषांचे सॅम्पल घेतले, खऱ्या गुन्हेगाराने, कॉलिन पिचफोर्कने, आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं, ते बोलण्यात फुटलं आणि 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली.

नुसती हाडं मिळाली तर?

आधी ती माणसाची आहेत का ते बघायचं, मग किती जणांची, स्त्री की पुरुष हे मुख्यतः कटीच्या हाडांवरून, वय, उंची, जुनी फ्रॅक्चर, दात. 1935 मध्ये स्कॉटलंडमधल्या मॉफटजवळ दोन बायकांच्या शरीराचे तुकडे सापडले, ओळख पटू नये म्हणून चेहरे विद्रूप केलेले, काम इतकं माहितगाराचं की करणारा शरीररचना जाणणारा असणार हे लगेच कळलं. न्यायवैद्यक तज्ज्ञ जॉन ग्लेस्टर आणि शरीररचना शिकवणारे जेम्स ब्रॅश यांनी तुकडे जुळवून दोन देह वेगळे केले, कवटीचा फोटो जिवंतपणीच्या फोटोवर बसवून बघितला, अळ्यांवरून दिवस काढले. डॉक्टर बक रक्स्टन यानेच बायकोला आणि मुलं सांभाळणाऱ्या मुलीला मारलं होतं.

कोठडीत मृत्यू झाला तर काय वेगळं करतात?

इथे सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी, कारण ज्यांच्या ताब्यात माणूस होता त्यांनीच दिलेली हकीकत डॉक्टरच्या हातात असते. संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये अशा संशयास्पद मृत्यूंचा तपास कसा करायचा याची नियमावली, म्हणजे मिनेसोटा प्रोटोकॉल, काढला, 2016 मध्ये सुधारला, आणि जिवंत माणसावरच्या छळाच्या नोंदीसाठी 1999 चा इस्तंबूल प्रोटोकॉल आहे. पाठ, कुल्ले, पोटऱ्या, तळपाय यांची कातडी उघडून आतला मुका मार बघायचा, वरून काही दिसत नाही म्हणून सोडायचं नाही. एक-दोन दिवसांनी पुन्हा बघितलं तर खोलवरचा मार वर उमटलेला दिसू शकतो.

न्यायवैद्यक तज्ज्ञ चुकतात का?

चुकतात, आणि किंमत दुसरेच भरतात. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील आईची दोन बाळं 1996 आणि 1998 मध्ये गेली आणि 1999 मध्ये तिला दोन्ही खुनांची जन्मठेप झाली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की एका घरात असे दोन नैसर्गिक मृत्यू होण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक. हा आकडा एका मृत्यूच्या शक्यतेला त्याच आकड्याने गुणून काढला होता, जणू एकाच घरातल्या दोन भावंडांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय दुसऱ्या बाळाच्या सॅम्पलमध्ये जंतू मिळाले होते तो रिपोर्ट बचाव पक्षापर्यंत पोचलाच नव्हता. 2003 मध्ये ती सुटली, 2007 मध्ये वारली. न जुळणारा रिपोर्टही फाईलला लावायलाच हवा, हे मी तेव्हापासून कधी विसरले नाही.

सीटी स्कॅनने पोस्टमॉर्टेम होतं का?

काही प्रमाणात. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला 2000 च्या सुमाराला यावर पद्धतशीर काम सुरू झालं. फ्रॅक्चर, गोळी, साचलेली हवा यात सीटी फार चांगलं, विष आणि बारीक पेशींचे बदल यात नाही.

पुरलेली बॉडी काही महिन्यांनी, वर्षांनी काढून काही मिळतं का?

मिळतं. इंग्लंडमधला डॉक्टर हॅरोल्ड शिपमन आपल्याच पेशंटना डायमॉर्फिन (शरीरात गेल्यावर याचं मॉर्फिन होतं) टोचून मारायचा आणि मृत्यूचा दाखलाही स्वतःच द्यायचा. शंका आल्यावर पुरलेले देह काढले, त्यात मॉर्फिन मिळालं आणि नैसर्गिक मृत्यूचं पुरेसं कारण मिळालं नाही. 2000 मध्ये 15 खुनांसाठी शिक्षा झाली आणि नंतरच्या चौकशीत बळींचा आकडा 215 वर गेला. ज्यांचं दहन झालं होतं त्यांच्या शरीरातून विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

बॉडी काढताना शवपेटीच्या वरची, खालची, बाजूची आणि थोडी लांबची अशी माती वेगवेगळ्या बरण्यांत भरून सील करायची, कारण आर्सेनिक मातीतही असतं आणि ते झिरपून शरीरात आलं की आधीपासून शरीरात होतं, हे या बरण्या शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. ऑर्फिलाने लाफार्जच्या केसमध्ये हेच तपासलं होतं.